२७,९०० चा बिगिनर गोल्फ सेट : सेट ठीकठाक, सोबत घेतलेली काठी थेट बाद

आधीच सांगून टाकतो, सेटला साडेतीन स्टार देतोय आणि त्याच सेलरकडून सोबत घेतलेल्या चिपरला एक, तो पण पॅकिंग चांगलं होतं म्हणून. ब्रँडचं नाव लिहीत नाही कारण असे डबाबंद सेट पाच-सहा नावांनी मिळतात आणि आतला माल मला तरी सारखाच वाटला, त्यामुळे नाव वाचून काही फरक पडणार नाही, काय बघून घ्यायचं ते वाचा.

मी चेंबूरचा. जन्म इथलाच. बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबची भिंत शाळेत जातायेता बघितलेली, क्लब १९२७ चा आहे म्हणे, आणि मी वयाच्या एक्केचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदा आत गेलो ते पण ऑफिसच्या साहेबांचा गेस्ट म्हणून. साहेब म्हणाले ये की रविवारी, आपलीच माणसं आहेत, फ्रेंडली आहे. हो म्हणालो आणि घरी येऊन रात्री साडेबाराला सेट ऑर्डर केला, बायको झोपलेली असताना. तीन महिने रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, भाड्याच्या काठ्यांनी मारत होतो त्यामुळे आपल्याला काय हवंय ते कळतं असा माझा समज होता.

डब्यात आलं काय तर ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी), ३ वुड, एक हायब्रिड (वुड आणि आयर्नच्या मधली), ६ ते ९ आयर्न, पिचिंग वेज, सँड वेज (ह्या दोन जवळच्या उंच टोल्यांच्या), पटर (बॉल होलमध्ये ढकलायची). म्हणजे १० काठ्या. शिवाय बॅग आणि तीन हेडकव्हर. सोसायटीच्या वॉचमनने बॅग बघून विचारलं क्रिकेटचं किट का, हो म्हणालो, कोण समजावणार.

आता मुद्द्याचं. सेट आल्यावर मी पहिल्यांदा नियम वाचले, म्हणजे खेळायचे नाही, सामानाचे. गोल्फचे नियम स्कॉटलंडची आर अँड ए आणि अमेरिकेची यूएसजीए ह्या दोन संस्था मिळून करतात आणि आपल्याकडेही तेच चालतात. वाचायला बसलो तेव्हा वाटलं होतं की आपण कुठेतरी अडकणार, पण निम्म्याहून जास्त नियम अशा गोष्टींबद्दल आहेत की जिथपर्यंत माझ्यासारखा माणूस पोचणारच नाही. ड्रायव्हरचं डोकं ४६० सीसीपेक्षा मोठं नको, ठीक आहे, माझ्या ड्रायव्हरवर खाली छापलेलंच आहे ४६०. काठी ४८ इंचापेक्षा लांब नको, पटर सोडून, आणि २०२२ पासून व्यावसायिक स्पर्धांना ४६ इंचांची मर्यादा लावायची मुभा आहे. माझा मी शिंप्याच्या टेपने मोजला, साडेपंचेचाळीस भरला. मुळात नवशिक्याला लांब ड्रायव्हर म्हणजे उंटाच्या पाठीवरून शेळ्या हाकण्यातला प्रकार, बॉल कुठे आणि काठीचं तोंड कुठे. हा अर्धा-पाऊण इंच आखूड असता तर मी अजून अर्धा स्टार दिला असता.

ड्रायव्हरच्या तोंडाच्या स्प्रिंगवर पण मर्यादा आहे आणि हे मला भारी वाटलं, एक स्टीलचा लंबक तोंडावर सोडतात आणि तो किती वेळ टेकून राहिला ते मोजतात, मर्यादा २३९ मायक्रोसेकंद आणि वर १८ ची सूट. जितका जास्त वेळ टेकला तितकं तोंड लवचिक, म्हणजे बॉल ट्रॅम्पोलिनसारखा उडणार. हे सांगतोय एवढ्यासाठी की माझ्या सेटच्या पानावरच खाली ‘हाय सीओआर’, म्हणजे तोंड जास्त उसळी देणारा, असा दुसरा ड्रायव्हर दाखवत होते, २० यार्ड एक्स्ट्रा म्हणे, नऊ हजार जास्त. ‘हाय सीओआर’ असं अभिमानाने लिहिलेलं असेल तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ नियमाबाहेरचा असाच असतो, आणि ते खाली बारीक अक्षरात ‘नॉन कन्फॉर्मिंग’ असं लिहितात पण. आणि ही ट्रॅम्पोलिन कामाला येते बॉल मधोमध लागला तर. माझे दहातले सात काठीच्या टाचेला नाहीतर टोकाला लागतात. नऊ हजारात रेंजवरच्या कोचचे किती तास होतात ते बघा आधी.

सेटमधला ड्रायव्हर साडेदहा डिग्रीचा आहे, म्हणजे तोंडाचा उतार तेवढा, मला बारा हवा होता, बॉल हवेतच जात नाही. हायब्रिड मात्र सोन्यासारखं आहे, पहिल्याच दिवशी तीनदा सरळ गेलं. आयर्न बरे. पटर जड डोक्याचा, वर पांढरी रेघ, काही तक्रार नाही.

आता चिपर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवताच्या, कडेवरून छोटा टोला मारायला पटरसारखी आखूड काठी असते, नवशिक्यांना सोपी पडते. मी घेतलेली ‘टू वे’ होती. दोन्ही बाजूंना तोंड, डावखुऱ्याला पण चालते, २,४५० रुपये, चार हजारावर रिव्ह्यू, सगळे खूष. मला वाटलं एकात दोन, वा. रविवारच्या आधी दोन दिवस नियम वाचताना लक्षात आलं की दोन तोंडं फक्त पटरला चालतात. आणि पटर म्हणजे १० डिग्रीपेक्षा जास्त उतार नसलेला. चिपरला ३५ च्या आसपास उतार असतो, म्हणजे नियमाच्या हिशोबाने तो आयर्न, आयर्नला एकच तोंड. वर त्याची ग्रीप पण पटरसारखी पुढून सपाट होती, ती सुद्धा पटरशिवाय कुठल्याच काठीला चालत नाही, बाकी सगळ्यांना गोल ग्रीप लागते. म्हणजे एका काठीत दोन गुन्हे. एका तोंडाचा, गोल ग्रीपचा चिपर घेतला असता तर शंभर टक्के नियमात होता, किंमत पण कमी. हे पानावर कुठेही लिहिलेलं नव्हतं आणि एवढ्या रिव्ह्यूत एकानेही लिहिलं नाही, म्हणून मी हे एवढं लांबण लावतोय.

तसंच बोटांचे खाचे असलेली ग्रीप मिळते, हात आपोआप बरोबर जागी बसतो. ती घरी, गच्चीत, रेंजवर वापरा, शिकायला चांगली आहे. कोर्सवर नाही. वजनाचा डोनट, म्हणजे जड कडं, काठीत अडकवून सराव स्विंग करतात ना, ते पण राउंड सुरू झाल्यावर चालत नाही.

पुढची भानगड मामामुळे झाली. मामा मर्चंट नेव्हीत होता, ऐंशीच्या दशकात साउदम्पटनला कुठेतरी गोल्फ खेळायचा. मी सेट घेतला कळल्यावर गोरेगावहून स्वतः घेऊन आला, ३, ४, ५ आयर्न आणि एक जुना वेज, वर एक बिस्किटाचा डबा भरून बॉल. ‘अरे हे खरं लोखंड, तुझं ते प्लास्टिक’ वगैरे. नाही कसं म्हणणार. वेज बघून मला आधी शंकाच आली कारण तोंडावरच्या खाचा जाम धारदार, आणि २०१० मध्ये खाचांचे नियम कडक झालेत, आधीच्या खाचांनी गवतातून पण बॉलला गिरकी मिळायची. पण ती कडक अट मोठ्या स्पर्धांसाठी, तिथे वेगळा लोकल रूल करून लावतात, तुमच्याआमच्या जुन्या काठ्यांना कोणी हात लावत नाही. सेकंडहँड घेणाऱ्यांनी ह्या एका गोष्टीला घाबरू नये.

तर रविवारी सकाळी सहा वीसला पहिल्या टीवर, म्हणजे जिथून खेळ सुरू होतो तिथे. कॅडीने बॅग खांद्याला लावायच्या आधी काठ्या नुसत्या बोटांनी चाळल्या, नोटा मोजतात तशा, आणि हळूच म्हणाला, ‘सर, पंधरा आहेत.’

दहा सेटच्या, एक चिपर, चार मामाच्या. १४ ची मर्यादा मला माहीत होती हो. पण ती मर्यादा आपल्याला कधी लागू होईल हे डोक्यातच आलं नव्हतं, आपल्याकडे दहाच आहेत ना. वर चिपर तर मी वापरणारच नव्हतो, बॅगेत राहिला होता. इथे नियम गमतीशीर आहे, बेकायदा काठी नुसती बॅगेत असली तर दंड नाही, तिने फटका मारला तर थेट बाद. पण मारला नाही तरी ती मोजणीत मात्र धरतात! म्हणजे जी काठी मी वापरू शकत नाही तिने माझी एक जागा खाल्ली.

सुरू व्हायच्या आधी लक्षात आलं म्हणून वाचलो. चुकून जास्त आल्या असतील तर शक्यतो मागे ठेवून जायचं, नाहीतर सुरुवातीलाच सांगून टाकायचं की ही काठी आज बाद, उलटी करून बॅगेत ठेवायची, चालतं. मी चिपर उलटा केला. खेळताना लक्षात आलं असतं तर ज्या ज्या होलवर जास्त काठी होती तिथे २ फटक्यांचा दंड, जास्तीत जास्त ४. आणि लक्षात आल्यावरही ती लगेच बाहेर काढली नाही तर बाद. साहेब म्हणाले फ्रेंडली आहे, एवढं काही नाही. पण कॅडी हसला ना, तेवढं पुरलं.

ही १४ ची भानगड कशाला तर पूर्वी मर्यादाच नव्हती. तीसच्या दशकात अमेरिकेत लॉसन लिटल नावाचा खेळाडू तीसेक काठ्या घेऊन फिरायचा म्हणतात, कॅडीच्या पाठीचा विचार करा. मग यूएसजीएने १९३८ ला आणि आर अँड एने १९३९ ला १४ वर आणलं. १४ ही वरची मर्यादा आहे, कोटा नाही, हे दुकानवाले मुद्दाम उलटं सांगतात. धोबी तलावला एका दुकानात मला ‘सेट पूर्ण करा’ म्हणून अजून चार काठ्या दाखवल्या होत्या, सर नियमानुसार चौदा लागतात. लागतात? नियमात कमीतकमी आकडाच नाही, एका काठीने खेळलात तरी चालेल. (दुकान तसं चांगलं आहे, ग्लोव्ह नीट मापाचा दिला, घासाघीस पण होते.) त्या दिवशी मी मामाचा ३ आयर्न एकदा काढला, बॉल सहा इंच सरकला. ४, ५ तर बाहेरच आले नाहीत.

आता मामाचे बॉल. दुसऱ्या होलला माझे दोन नवे बॉल झाडीत गेले, शोधायला ३ मिनिटं मिळतात, पूर्वी पाच होती, २०१९ पासून तीन केली. मग मी बिस्किटाच्या डब्यातला काढला. कॅडीने टीवर ठेवायच्या आधी तो बोटात फिरवला. ‘सर हा छोटा आहे.’ मला वाटलं गंमत करतोय. माझ्या बॉलशेजारी धरला तर खरंच बारीक, म्हणजे लिंबू आणि मोसंबी असा फरक नाही पण कळेल एवढा. गुगल केल्यावर उलगडा झाला, ब्रिटिश बॉल पूर्वी १.६२ इंचाचा असायचा आणि अमेरिकन १.६८ चा. ब्रिटिश ओपनला १९७४ पासून मोठा सक्तीचा झाला आणि १९९० ला छोटा सगळीकडूनच गेला. आता व्यास ४२.६७ मिलीमीटरपेक्षा कमी नको आणि वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको. मामाने साउदम्पटनहून आणलेले चाळीस बॉल म्हणजे आता शोकेसमध्ये ठेवायचे. एक जरी टोला मारला असता तर दंड वगैरे नाही, सरळ बाद.

त्या कॅडीबद्दल दोन शब्द. तो इथल्याच वस्तीत वाढलेला, लहानपणी सळई वाकवून काठी करायचे आणि गल्लीत प्लास्टिकच्या बॉलने खेळायचे. चेंबूरच्या पोरांचा हा गल्ली-गोल्फ पेपरात वगैरे येऊन गेलाय. सळईने शिकलेल्या माणसाला दीड मिलीमीटर बोटांना कळतो आणि मला ३० हजार घालून १५ मोजता येत नाहीत.

बॉलबद्दल अजून थोडं कारण इथेच लोक फसतात. ‘सरळच जाणारे’ म्हणून बॉल मिळतात, त्यांचे खळगे सगळीकडे सारखे नसतात त्यामुळे वळणारा बॉल हवेत सरळ होतो. नियमात बॉल सगळीकडून सारखाच उडाला पाहिजे म्हणून ते बाद. तळ्यातून काढलेले, धुतलेले जुने बॉल मात्र बिनधास्त घ्या, मी ६० रुपयाला एक असे घेतो, चार गेले तरी जीव जळत नाही. फक्त स्पर्धेच्या कागदावर मान्य बॉलच्या यादीचा उल्लेख असेल तर नाव बघून घ्या. राउंडभर एकाच मॉडेलचा बॉल वापरायची सक्ती मोठ्या लोकांच्या स्पर्धांत असते, आपल्याला होल बदलला की बॉल बदलता येतो. आणि ते नव्या नियमाने बॉल कमी लांब जाणार म्हणून ओरड चाललीये ना, ते २०२३ च्या डिसेंबरात जाहीर झालं, साध्या खेळाडूंसाठी २०३० ची तारीख दिलेली, आणि आपल्या वेगाला ५ यार्डाच्या आतबाहेरचा फरक. म्हणून आत्ता साठा करून ठेवू नका, तसाही तो साठा झाडीतच जाणार आहे.

दंड मात्र मला लागला एक, सामान सोडून तोंडामुळे. पाचव्या होलला साहेबांचा बॉल सुरेख ग्रीनवर गेला आणि मी सहज विचारलं, ‘सर कुठली मारली?’ आमच्यातले चौथे जे गृहस्थ होते ते म्हणाले, दोन फटके. दुसऱ्या खेळाडूला काठी विचारणं म्हणजे सल्ला. आपल्या कॅडीला काहीही विचारा, चालतं. ग्रीन किती लांब आहे हे कोणालाही विचारा, ते पण चालतं. पण काठी कुठली हे नाही. साहेबांनी उत्तर दिलं असतं तर त्यांना पण दोन लागले असते, त्यांनी ऐकूच न आल्यासारखं केलं. अनुभवी माणूस.

लांबी मोजायची दुर्बीण घेणार असाल तर २०१९ पासून अंतर मोजायला परवानगी आहे, जिथे स्थानिक नियमाने बंद नाही तिथे. चढ-उतार धरून अंतर सांगणारं ‘स्लोप’ मात्र बंद ठेवायचं, बाहेरून दिसेल असं बटण असलेलं मॉडेल बरं, बाकीच्यांना शंका राहत नाही. मी घेतलेली नाही, कॅडी सांगतो तेवढं अंतर मला मारता येत नाही अजून.

टिकाऊपणाचं सांगतो. जूनला घेतला, आता नोव्हेंबर. बॅगेची बाजूची चेन दुसऱ्या महिन्यात गेली. एक हेडकव्हर उसवलं. वेजच्या तोंडावर गंजाचे ठिपके आलेत, आपल्याकडच्या हवेत येणारच, ओल्या काठ्या हेडकव्हर घालून ठेवू नका एवढंच. ग्रीप पावसात साबणासारख्या होतात. ग्लोव्ह साधा चालतो, हात कोरडे ठेवायला पावडर चालते, मी घामोळ्याची पावडर नेतो, कोणी काही म्हणत नाही, वास तेवढा येतो. काठीच्या तोंडाला मात्र काही फासायचं नाही, बॉल कमी वळतो म्हणून ड्रायव्हरला व्हॅसलिन लावणारा एक जण आमच्या रेंजवर आहे, रेंजवर ठीक आहे, कोर्सवर तो बाद.

कोणी म्हणेल की मौजमजेला खेळतो, नियम कशाला. नका पाळू, रेंजवर आणि आपल्या चार मित्रांत काहीही वापरा. पण हँडिकॅप, म्हणजे खेळाडूचा दर्जा सांगणारा नंबर, काढायचा झाला, जो आता नवशिक्याला ५४ पर्यंत मिळतो, तर नियमबाह्य काठीने मारलेला राउंड त्यात धरत नाहीत. मी १८ होलमध्ये १३७ मारले, त्यातही मला नंबर हवाय, काय करणार.

तर घ्यावा का, हो, सेट घ्या, दहा पुरेशा आहेत, ३ वुड नसलेला आठाचा मिळाला तर तो स्वस्त पडेल आणि काही अडणार नाही. ड्रायव्हरला बारा डिग्री बघा. बॅग वेगळी घ्या.

चिपर परत करायला गेलो तर रिटर्नचे सात दिवस संपलेले. सेलरला सविस्तर लिहिलं की हा नियमात बसत नाही, पानावर तसं लिहा. दोन दिवसांनी उत्तर आलं, ‘सर, दोन्ही बाजूने वापरता येतो, हेच त्याचं वैशिष्ट्य आहे.’ सध्या तो बाल्कनीत आहे, आई त्याने वरच्या दोरीवरचे कपडे ओढते, डाव्या हाताने पण. बिस्किटाचा डबा माळ्यावर ठेवलाय. मामा दर रविवारी फोन करून विचारतो बॉल कसे चाललेत, मी म्हणतो झकास.